खालचा थर जुना, खालची पायरी नवी

(विंझर येथील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)

आजची गोष्ट मातीची आहे. ती एका घराच्या पायापासून सुरू होते.

गेल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर आपल्यातल्या एक मावशी मागे थांबल्या. पाटीवरची अक्षरे त्यांनी स्वतःच पुसली आणि म्हणाल्या, “गुरुजी, एस.टी.वरची पाटी मला आता वाचता येती. पण दुसरं एक वाचून द्याल का? पोरानं नदीकडच्या खालच्या अंगाला घराचा पाया धरलाय. कमरेइतकं खणलं तर गोल गोल गोटं लागलं. मधी वाळू. वर गाळ. मुकादम म्हणतो, जागा झकास हाय, गोट्यावर घर पक्कं बसतंय. मला मात्र झोप न्हाई. ह्ये गोटं काय म्हणत्यात?”

आम्ही त्यांना लगेच उत्तर दिले नाही. काल जाऊन तो खड्डा पाहिला. घरात तीन लहान मुले आहेत. पायासाठी दागिने मोडलेले आहेत. म्हणजे प्रश्न साधा नव्हे. म्हणून मावशींना विचारून, त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आज सगळ्यांसमोर देतो. ते सर्वांच्याच उपयोगाचे आहे.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आम्ही काही भूशास्त्रज्ञ नव्हे. पण चाळीस वर्षे मुलांना वाचायला शिकवले, आणि निवृत्त झाल्यावर मातीचे वाचन थोडे शिकलो. जेवढे कळले तेवढेच सांगतो.

आधी आपल्या घरातच पाहू. जुन्या घराची जमीन कशी असते? दर सणाला सारवण होते. आजीने सारवले, आईने सारवले, सुनेने सारवले. एखाद्या वेळी उंबऱ्याजवळचा टवका निघतो. त्याची कड नीट पाहा. पातळ पातळ पापुद्रे दिसतात. सर्वांत खालचा पापुद्रा कुणाच्या हातचा? आजीच्या. सर्वांत वरचा? सुनेच्या. हा झाला मातीच्या वाचनाचा पहिला धडा. जो थर खाली, तो आधी पडला. जो वर, तो नंतर. कडब्याची गंजी रचताना जी पेंढी आधी टाकली ती तळाशीच राहते, तसेच हे.

आता दुसरा धडा. थर कुणी आणून टाकला, हे त्याच्या कणांवरून कळते. आज घरी गेल्यावर एक प्रयोग करा. काचेची बाटली घ्या. तिच्यात मूठभर माती, थोडी वाळू आणि चार खडे टाका. पाणी भरून जोरात हलवा आणि ठेवून द्या. खडे लगेच तळाला बसतील. मग वाळू बसेल. बारीक गाळ मात्र रात्रभर तरंगत राहील आणि सकाळी वर मऊ थर होऊन बसलेला दिसेल. नदीचेही असेच आहे. पाण्याला जोर असतो तेव्हा ते गोटे लोटते. जोर कमी झाला की गोटे टाकते आणि वाळू नेते. आणखी संथ झाले की वाळू टाकते. पुराचे पाणी काठावर पसरून थांबले की गाळ बसतो. म्हणून गोट्यांचा थर म्हणजे इथून जोराचे पाणी गेले. वाळूचा थर म्हणजे मध्यम पाणी. गाळाचा थर म्हणजे पाणी पसरले आणि निवांत झाले.

आणि गोटा गोल का? डोंगरावरून तुटलेला दगड टोकदार असतो. नदीत लोळून लोळून त्याची टोके झिजतात. गोल गोटा दिसला की समजावे, हा दगड पाण्याने प्रवास करून आला आहे.

तिसरा धडा जरा मोठा आहे. पोथीची पाने क्रमाने असली तरी मधली काही पाने गहाळ असू शकतात. आपल्या राजगडाकडे आणि तोरण्याकडे पाहा. डोंगराच्या अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात. हा आपला काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस बाहेर आला, पसरला आणि थिजला. असे एकावर एक थर बसत गेले आणि त्यातून दख्खनचे पठार झाले. घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, तिथे काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे विसाव्याचा काळ. एक थर थिजला, ऊनपावसाने त्याचा वरचा भाग कुजून माती झाली, कुठे त्यावर त्या काळची राखही पडली, आणि मग पुढचा तापलेला रस येऊन त्याने ते सारे भाजून झाकून टाकले.

त्या काळ्या कातळावर आपल्या नद्यांचा गाळ बसलेला आहे. हा गाळ कातळाच्या मानाने कालचा. कुठे हजारो वर्षांचा, कुठे लाखो वर्षांचा. म्हणजे कातळ आणि गाळ एकमेकांना चिकटून दिसले, तरी त्यांच्यामध्ये कोट्यवधी वर्षांची पाने गहाळ आहेत. त्या काळात काही घडले नाही असे नव्हे. जे साठले ते पाण्याने धुऊन नेले. म्हणून दोन थर चिकटून आहेत म्हणजे ते लागोपाठ पडले, असे समजू नये.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे खरे कशावरून? कोणी पाहिले आहे? तर आपल्याच पुणे जिल्ह्यातली एक हकीकत ऐका.

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक नावाचे गाव आहे. तिथल्या नदीच्या दरडीत, गाळ आणि गोट्यांच्या थरांमध्ये, एक पांढुरका करडा थर आहे. हाताला पिठासारखा, पण बोटांत चोळला तर किंचित खरखर लागते. १९८० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. शरद राजगुरू आणि त्यांचे सहकारी यांनी या थराचा अभ्यास केला. तो थर निघाला ज्वालामुखीच्या राखेचा. तशीच राख पुढे कऱ्हेच्या काठी मोरगावच्या परिसरातही मिळाली.

ही राख आली कुठून? आपल्या सह्याद्रीचा अग्नी तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच विझला. शिवाय आपल्या काळ्या दगडात सिलिका, म्हणजे वाळूत आणि काचेत असते ते द्रव्य, साधारण निम्मे असते. या राखेत ते पाऊण भागाच्याही थोडे वर आहे. भिंगाखाली धरली तर फुटलेल्या काचेच्या फुग्यांचे वाकडे तुकडे दिसतात. म्हणजे ही आपल्या दगडाची राख नव्हे. पाहुणी आहे.

तिचे मूळ घर सुमात्रा बेटावर. हे बेट इंडोनेशिया देशात आहे, इथून तीन हजार किलोमीटरहून जास्त लांब. तिथे टोबा नावाचा ज्वालामुखी आहे. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी त्याचा फार मोठा स्फोट झाला. गेल्या कित्येक लाख वर्षांत एवढा मोठा दुसरा झाला नाही. स्फोट झाला आणि डोंगर आत खचला. त्या खड्ड्यात आज सुमारे १०० किलोमीटर लांबीचे तळे आहे. त्याची राख वाऱ्याने बंगालच्या उपसागरावर, भारतावर आणि अरबी समुद्रावर पसरली. पार आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळातही तिचे कण सापडले आहेत. मध्य प्रदेशात सोन नदीच्या काठी आणि आंध्र प्रदेशात ज्वालापुरम येथेही तिचे थर आहेत.

आभाळातून पडली तेव्हा ही राख आपल्याकडे थोडीच, काही बोटांची, असणार. मग काही ठिकाणी तिचा थर इतका जाड कसा? उत्तर सोपे आहे. उतारावर पडलेली राख पावसाने धुतली गेली आणि सखल जागी जाऊन साठली. म्हणजे जाड थर पाहून “एवढी राख आभाळातून पडली” असे म्हणणारा फसतो. थर पाहिला की विचारावे, हा इथेच पडला की दुसरीकडून वाहून आला? हा आपला चौथा धडा.

आता आमची स्वतःची एक फजिती सांगतो. तुम्ही हसलात तरी चालेल.

आमच्या थोरल्या बहिणीचे सासर मोरगावच्या बाजूला. आम्ही निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांची विहीर खोल करायला काढली होती. आम्ही तिथे गेलो होतो. दोन पुरुष खोलीवर पांढरा थर लागला. आम्ही या राखेविषयी नुकतेच वाचलेले. मग काय विचारता! आम्ही विहिरीच्या काठावर उभे राहून सगळ्यांना टोबाची कथा सांगितली. “ही सत्तर हजार वर्षांची राख आहे, कुदळ लावू नका,” म्हणून काम थांबवले. आसपासची माणसे बघायला आली. दोन दिवस खोदणारी माणसे नुसती बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी त्यांच्यातले एक म्हातारे बाबा हळूच म्हणाले, “गुरुजी, घरात लिंबू हाय का?” लिंबू आणले. त्यांनी त्या पांढऱ्या ढेकळाची थोडी भुकटी केली आणि तिच्यावर लिंबू पिळले. भुकटी फसफसली. बाबा म्हणाले, “ही चुनखडी, गुरुजी. आमची हयात हिच्यात गेली.”

बाबांना अक्षर येत नव्हते. पण त्या दिवशी खरे साक्षर ते होते आणि निरक्षर आम्ही. दोन दिवसांची मजुरी आम्ही आमच्या पेन्शनीतून दिली.

ही चुनखडी कशी होते तेही पुढे समजून घेतले. कमी पावसाच्या मुलखात पावसाचे पाणी मातीतला चुना विरघळवून खाली नेते. पाणी सुकते, चुना मागे राहतो. त्याचे खडे होतात, मग पट्टा होतो. म्हणजे तो पट्टा नदीने आणून टाकलेला नसतो. माती पडून गेल्यावर तिच्या पोटात तो तयार होतो. पांढरा दिसला म्हणजे राख, असे नाही. आणि लिंबाची परीक्षाही शेवटची नव्हे. राखेत चुना मिसळलेला असला तर तीही फसफसते. राखेची खरी ओळख भिंगाखालीच पटते. एका खुणेवर विसंबू नये, एवढा बोध आम्ही घेतला.

बहिणीच्या त्याच घरात आम्हाला पाचवा धडा मिळाला. तिकडे जुन्या वाड्यांतून धान्याचे पेव असते. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी. विचार करा. घराची जमीन पणजोबांच्या काळची. तिच्यावर सारवणाचे थर. त्या सगळ्या थरांना छेदून पेव खाली गेले आहे, आणि त्याच्या तळाशी यंदाची ज्वारी आहे. आता ज्वारी पणजोबांच्या जमिनीपेक्षा खोल आहे. म्हणून ती पणजोबांच्याही आधीची का? नाही. पेव नंतर खणले आणि ज्वारी त्यानंतर भरली. पेवाची कड ज्याला दिसली नाही, तो यंदाची ज्वारी शंभर वर्षांची ठरवील.

नदीही असे पेव खणते. आपल्याच जुन्या गाळात ती नवी घळ कापते आणि पुढे ती घळ नव्या गाळाने भरून टाकते. मग नवा गाळ जुन्या गाळाच्या शेजारी, कधी त्याच्याही खाली, दिसतो. कड शोधली तरच खरे कळते.

बोरीच्या राखेवरून विद्वानांत मोठा वाद झाला तो इथेच. त्या थरांजवळ आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. हातकुऱ्हाडी, फरश्या, दगडाचे छिलके. मग प्रश्न आला, ही राख किती जुनी? कारण राखेचे वय कळले की हत्यारांचेही वय सांगता येईल. पहिल्या मोजणीत सुमारे १४ लाख वर्षे आली. १९९५ साली दुसऱ्या पद्धतीने सुमारे ६ लाख ७० हजार आली. १९९८ साली संशोधकांनी राखेच्या काचेचे द्रव्य तपासून सांगितले, की भारतातली ही सगळी राख एकाच स्फोटाची, सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीची. पुढे मोरगावच्या थरांची आणखी एक परीक्षा झाली. गाळ बसताना त्यातले लोहाचे बारीक कण होकायंत्राच्या सुईसारखे दिशा धरतात. पृथ्वीच्या चुंबकाची दिशा फार पूर्वी आजच्या उलट होती. ती शेवटची पालटली त्याला पावणेआठ लाख वर्षे झाली. मोरगावच्या थरांत उलटी दिशा मिळाली, असे तपासणाऱ्यांनी मांडले. तसे असेल तर ते थर त्याहूनही जुने.

तुम्ही म्हणाल, एवढे शिकलेले लोक, आणि एवढा फरक? मंडळी, यात हसण्यासारखे काही नाही. राख वाहून आलेली असेल आणि तिच्यात जुने कण मिसळले असतील, तर मोजणी चुकते. हत्यारे जुन्या गोट्यांतली असतील आणि राख नंतरच्या घळीतली, तर दोघांचे वय वेगळे निघते. पेवातली ज्वारी आणि पणजोबांची जमीन यांचीच ही गोष्ट. त्या विद्वानांनी आपापले वाचन छापले, दुसऱ्यांनी ते तपासले. चूक उघड होण्याची ज्याला भीती नाही, त्याचेच वाचन पुढे जाते.

आणि त्या राखेने एक धीराची गोष्टही सांगितली. एवढा मोठा स्फोट झाला तेव्हा माणसे मेली की वाचली? ज्वालापुरमला राखेच्या खालीही दगडी हत्यारे मिळाली आणि वरही मिळाली. ती एकमेकांसारखी आहेत, असे संशोधकांनी २००७ साली मांडले. म्हणजे राख पडण्यापूर्वी जी माणसे तिथे होती, तिच्यासारखीच माणसे नंतरही हत्यारे घडवीत होती. हे कळले ते केवळ थर जागेवर होते म्हणून. त्याच भागात ही राख भांडी घासण्याच्या भुकटीसाठी खणूनही नेली गेली. घासलेले भांडे लख्ख झाले असेल, पण नेलेला थर पुन्हा कुणाला वाचता येणार नाही. म्हणून आपल्याकडे कुणाला दरडीत चमत्कारिक थर किंवा घडवलेला दगड दिसला, तर तो उचलून घरी आणू नका. जागेची खूण करा, किती हात खोल आहे ते वहीत लिहा आणि जाणत्याला बोलवा. थरातून काढलेला दगड म्हणजे पोथीतून फाडलेले पान. ते कुठल्या अध्यायातले, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

आता शेवटचा धडा, आणि मावशींचा प्रश्न.

नदीचा काठ एकसारखा उतरत नाही. पुष्कळ ठिकाणी तो पायऱ्यांनी उतरतो. आपली भातखाचरे माणसांनी केलेल्या पायऱ्या आहेत. नदीच्या पायऱ्या नदीने केलेल्या. त्या अशा होतात. नदी आधी उंचावरून वाहत असते आणि दोन्ही अंगांना गाळ पसरते. मग हजारो वर्षांत ती खाली कापत जाते. जुने पात्र वर कोरडे राहते. ती झाली वरची पायरी. नदी खाली नवा गाळ पसरते. ती झाली खालची पायरी. आता सांगा, कोणती पायरी जुनी? वरची. आणि नवी कोणती? खालची.

इथे माणूस गोंधळतो. थरांत खालचा जुना. पायऱ्यांत खालची नवी. दोन्ही एकदम खरे आहे. आणि “नवी” याचा अर्थ नीट लक्षात घ्या. नदीने जिचा ताबा अजून सोडलेला नाही, ती खालची पायरी.

याची साक्ष पुणे शहराने दिली आहे. आपल्या डोंगरापलीकडे अंबी नदीवर पानशेतचे धरण बांधले जात होते. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले आणि त्याच दिवशी खालचे खडकवासल्याचेही फुटले. तो लोंढा मुठेतून पुण्यात शिरला. नारायण, शनिवार, कसबा या पेठांचा नदीकडचा भाग पाण्यात गेला. वाडे कोसळले. शहर एकच, पण सखल अंगाची वस्ती बुडाली आणि उंचावरची वाचली. पाणी ओसरल्यावर घराघरांतून गाळ राहिला. आमच्या घरची वडीलधारी माणसे त्याची हकीकत सांगत. तो पूर धरण फुटल्याचा होता, नेहमीच्या पावसाचा नव्हे. पण पाण्याने जाताना वाट धरली ती नदीचीच.

आज पुण्यात जुन्या गाळावर भराव आहे. विटांचे तुकडे, खापरे, डबर, प्लास्टिक. त्यावर फरशी आणि त्यावर इमारत. वरून सगळे सपाट दिसते. म्हणून तिथे राहणाऱ्याला आपण कोणत्या पायरीवर राहतो हे कळत नाही. भराव घातल्याने पायरी उंच दिसते, पण नदी ती विसरत नाही. मोठ्या नद्यांच्या काठी सरकार निळी आणि लाल पूररेषा आखते. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येईल अशा पुराची ती निळी, आणि शंभर वर्षांत एकदा येईल अशा पुराची ती लाल. आपल्या लहान नदीकाठी अशी रेषा आखलेली असो वा नसो, तलाठ्याकडे जाऊन चौकशी जरूर करावी. आणि नसली, तर काठाची दरड हीच आपली रेषा. ती वाचावी.

आता मावशींचा खड्डा वाचू. तळाशी गोल गोटे. म्हणजे तिथून एके काळी जोराचे पाणी गेले. त्यावर वाळू. म्हणजे पाण्याचा जोर उतरला. त्यावर गाळ. म्हणजे पुराचे पाणी पसरून बसले. एवढ्यावरून भिण्याचे कारण नाही. वरच्या पायरीवरही खाली गोटे मिळतात, पण ते फार जुने. म्हणून आम्ही आणखी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, जागा नदीपासून किती उंच आहे. ती पात्रापेक्षा जेमतेम दीड पुरुष उंच आहे. दुसरी, गाळात काय आहे. वरच्या हातभर गाळात आम्हाला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा सापडला. प्लास्टिकची पिशवी काही पांडवांच्या काळची नव्हे! तो थर तुमच्याआमच्या हयातीतल्या पुराने आणून टाकला आहे. कुणी भराव घातला असेल म्हणावे, तर पिशवीच्या वर आणि खाली गाळाचे पापुद्रे न मोडता सलग आहेत. तिसरी गोष्ट, जुन्या माणसांना विचारले. पलीकडच्या बाजूच्या एका आजोबांनी पूर कुठवर आला होता ते झाड काठीने दाखवले. ते झाड खड्ड्याच्या वरच्या अंगाला आहे.

तीन साक्षी जुळल्या. मावशी, गोटे असे म्हणतात, की ही जागा नदीची आहे. तिने ती शेतीला दिली आहे, घराला दिलेली नाही. भात तिथे छान येईल. मुले तिथे निजवू नयेत.

मुकादमाचे म्हणणेही सगळे खोटे नव्हे. गोट्यांवर वजन तोलले जाते. पण वजन पेलणे वेगळे आणि पाण्यापासून वाचणे वेगळे. त्यांनी पहिले वाचले, दुसरे वाचले नाही.

मग घर कुठे बांधावे? वर, पण फार वर नव्हे. डोंगराच्या पोटाला चिकटून उतारावर सुटी माती आणि धोंडे साठलेले असतात. तोही एक थरच आहे, आणि तो पाण्याने नव्हे, घसरून आलेला आहे. तिथले दगड गोल नसतात, टोकदार असतात आणि मातीत वेडेवाकडे रुतलेले असतात. जे एकदा घसरून आले ते पुन्हा घसरू शकते. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. म्हणून पुराच्या खुणेच्या वर आणि डोंगराच्या सुट्या मातीच्या खाली, जिथे थोडे खणल्यावर जागचा मुरूम आणि कातळ लागतो, अशी जागा शोधावी. मावशींच्या घरच्यांचे गावठाणालगत एक खाचर आहे. ते आम्हाला त्या मानाने बरे वाटले. पण तिथेही आधी खड्डा खणून पाहावे आणि इंजिनिअराचा सल्ला घ्यावा. आमच्या एकट्याच्या शब्दावर पाया धरू नये. आमच्या शब्दावर विहीर थांबवल्याची कथा तुम्ही आत्ताच ऐकली आहे.

खणलेल्या पायाची मजुरी वाया गेली, हे खरे. ते नुकसान आम्ही भरून देऊ शकत नाही. पण वाया गेला तो खड्डा. घर अजून उभे राहिले नव्हते, हे आपले नशीब.

मंडळी, तुम्ही या वर्गात आलात तेव्हा पुष्कळ जण म्हणालात, “आम्हाला काय येतं? आम्ही अंगठेबहाद्दर.” तसे नाही. नांगर मारताना माती कुठे बदलते, विहिरीत झरा कुठल्या थरात लागतो, हे तुम्ही आमच्याआधी ओळखता. तुमच्याजवळ वाचन आहे. लिहून ठेवण्याची सवय तेवढी नाही. ती आता लावून घ्या. विहीर खणली की कुठल्या खोलीवर काय लागले ते वहीत लिहा. पूर आला की पाणी कुठवर आले त्याची दगडावर रेघ ओढा आणि शेजारी तारीख घाला. तुमचा नातू घर बांधायला काढील तेव्हा तुम्ही नसाल, पण ती रेघ असेल.

उद्या सकाळी आठ वाजता आपण सगळे मावशींच्या खड्ड्यावर जमू. मुलालाही तिथे बोलावले आहे. त्याला आम्ही काही सांगणार नाही. मावशीच थर वाचून दाखवतील. कुणी कुदळ आणू नये. येताना मोजायला काठी आणा, वही आणा आणि एक लिंबू आणा.